पाणी कुठल्या टप्प्यापर्यंत आलंय?

मार्च महिन्यात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात. सौदे उरकले की अडत्याच्या पेढीत पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाचे कागद, काढायची घाई सुरू होते. शेतकरी बाकड्यावर बसलेला, त्याला पट्टी घेऊन दिवस मावळायच्या आत गाव गाठायचंय. ट्रकवाला माल नेण्याच्या ऑनलाइन कागदासाठी, ई-वे बिलासाठी, दारात उभा. नेमका अशा वेळी मला फोन येतो, "सर, नेट गेलंय. सगळं बंद पडलंय. लगेच या."

मी कुपवाडला दुसऱ्याच कामात असतो. म्हणून फोनवरच विचारतो, "सगळं म्हणजे काय काय?"

मग कळतं की पट्ट्या निघताहेत, फक्त ई-वे बिलाची साइट उघडत नाही. किंवा दिवाणजींच्या टेबलावरचं एकच मशीन अडलंय. किंवा नेट झकास चाललंय आणि प्रिंटर गप्प बसलाय. मी बरीच वर्षं सांगली-मिरजेतल्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो. "सगळं बंद पडलंय" या तक्रारीत खरोखर सगळं बंद पडलेलं मी दोनदाच पाहिलं. एकदा गल्लीतला विजेचा डीपी जळाला होता, आणि एकदा, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णामाई स्वतःच ऑफिसात आली होती.

माझं मूळ गाव कवठेमहांकाळ तालुक्यात. आमच्याकडं म्हैसाळ योजनेचं पाणी. कृष्णेतून उचलायचं, एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर चढवायचं, मग कालव्यात, तिथून पाटात आणि शेवटी कुणाच्या तरी रानात. रानात पाणी पोचलं नाही तर आमच्याकडं कुणी "सगळं बंद पडलंय" म्हणत नाही. विचारतात, पाणी कुठल्या टप्प्यापर्यंत आलंय? पंप चालू आहेत का? कालव्याला पाणी आहे का? शेजारच्या रानाला मिळतंय का, की माझ्याच पाटात कुणी माती ओढलीय? जिथपर्यंत पाणी आहे आणि जिथून पुढं नाही, त्या दोन जागांच्या मधेच घोटाळा असतो. बाकीचा कालवा धुंडाळत बसायचं कारण नाही. गंमत अशी की हीच माणसं कॉम्प्युटरसमोर बसली की ही अक्कल चपलांबरोबर दारात काढून ठेवतात.

ऑफिसातल्या नेटचेही टप्पेच असतात. कॉम्प्युटरमधून निघालेली वायर स्विचला जाते. इथं स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. ओळीनं पाच, आठ किंवा सोळा भोकं असलेली ती छोटी पेटी, जिच्यात ऑफिसातल्या सगळ्या मशीनच्या वायरी एकत्र येतात. स्विचमधून एक वायर राउटरला जाते. राउटर हा ऑफिसचा उंबरठा. त्याच्या अलीकडं आपलं घर, पलीकडं बाहेरचं जग. त्यापुढं तो डबा, ज्याच्यात खांबावरून आलेली बारीक फायबर खोचलेली असते. नेटवाली पोरं त्याला ओएनटी म्हणतात, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी राउटर आणि ओएनटी एकाच डब्यात असतात. तिथून कंपनीचं केंद्र, आणि पुढं ती साइट जिथं ठेवलीय तो लांबचा कॉम्प्युटर.

आता पाणी शोधायला निघू.

पहिला प्रश्न शेजाऱ्याला. बाजूच्या टेबलावरच्या मशीनवर नेट आहे का? असेल, तर राउटर, फायबर, कंपनी सगळी निर्दोष. दोष तुमच्या मशीनपासून स्विचपर्यंतच्या दहा-पंधरा फुटांत. या एका प्रश्नाचं उत्तर न घेता लोक कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावून अर्धा तास गाणी ऐकत बसतात.

सगळ्यांचंच गेलं असेल तर दुसरा प्रश्न, सगळ्या साइट गेल्यात की एकच? मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर तीच साइट उघडून बघा. तिथंही उघडत नसेल तर धरणाचंच दार बंद आहे, आपण फावडं घेऊन हिंडण्यात अर्थ नाही. सरकारी भरण्याच्या शेवटच्या तारखेला सगळा देश एका दारात उभा असतो. त्या दिवशी राउटर बंद-चालू करून काही होत नाही, चहा घ्यावा.

तिसरी गोष्ट दिव्यांची. यासाठी खुर्चीतून उठावं लागतं, म्हणून ती कुणी करत नाही. वायर जिथं कॉम्प्युटरला लागते तिथं एक-दोन बारीक दिवे असतात, स्विचवरही प्रत्येक भोकापाशी एक असतो. दिवा लागलाय म्हणजे दोन टोकांची ओळख पटलीय, लुकलुकतोय म्हणजे ये-जा चालू आहे. दिवाच नसेल तर वायर, तिची टोकं किंवा भोक, यांपैकी काहीतरी गेलं. ओएनटीवर 'लॉस' असं लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाही. मग फायबर तुटलीय किंवा तिला कुठंतरी जोराचा मुरडा पडलाय. फायबरच्या आतला प्रकाश वाहणारा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षाही कितीतरी बारीक. ती वायर खिळ्याला गुंडाळून ठेवली किंवा कपाटामागं चेंबली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. लाल दिवा दिसला तर विचार न करता कंपनीला फोन करा. तो टप्पा तुमच्या हातातला नाही.

तांब्याची वायर मात्र तुमच्या हातातली आहे. तिच्यात आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या चार जोड्या. १०० एमबीपीएस (हे नेटच्या वेगाचं माप) वेगाला दोनच जोड्या लागतात, गिगाबिट म्हणजे १,००० एमबीपीएसला चारही. त्यामुळं एखादी तार तुटली की कधी दिवाच लागत नाही, आणि कधी मशीन निमूटपणे १०० वर उतरून चालत राहतं. तुम्ही पैसे ३०० एमबीपीएसचे भरता आणि एका टेबलावर ९० च्या वर वेग जाईना, अशी तक्रार आली की मी आधी वायर बदलतो. यार्डातल्या एका पेढीत दर पंधरा दिवसांनी एकाच मशीनचं नेट जायचं. मालकांना करणीचा संशय. पोत्यांच्या थप्पीमागं वाकून बघितलं तर वायरीला उंदराचे दात. लोखंडी पाइपातून वायर नेली, करणी उतरली.

आता समजा दिवे सगळे ठीक आहेत, वायर धड आहे, तरी नेट नाही. इथून पुढचा भाग लोकांना अवघड वाटतो. तो तसा नाही, पण जरा सावकाश वाचा.

तुम्ही यात्रेला गेलात आणि लॉजवर उतरलात. काउंटरवरचा मॅनेजर तुम्हाला खोलीचा नंबर देतो, ठरावीक वेळेपुरता. तुम्ही गेलात की ती खोली दुसऱ्याला. राउटरमध्ये असाच एक मॅनेजर असतो. त्याचं नाव डीएचसीपी. कॉम्प्युटर चालू झाला की तो ओरडतो, "मला खोली द्या!" आणि मॅनेजर त्याला आयपी पत्ता देतो, समजा १९२.१६८.१.२५. स्वतः मॅनेजर बहुधा १ नंबरच्या खोलीत बसतो, म्हणजे १९२.१६८.१.१. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून तुमच्या ऑफिसात आणि माझ्या घरात तोच पत्ता सुखानं नांदू शकतो. दोन लॉजमध्ये १०१ नंबरची खोली असतेच की. जुन्या पद्धतीचे एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. जगातल्या माणसांनाही एकेक पुरणार नाही, तर मशीनना कुठून पुरणार? म्हणून ही सोय.

तुमच्या मशीनला कुठली खोली मिळालीय ते बघायचं असं: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी खिडकी येईल. तिच्यात इंग्रजीत सी, एम, डी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर मारा. काळा पडदा उघडेल. घाबरू नका, नुसतं बघून काही बिघडत नाही. तिथं आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही अक्षरं सलग टाइप करून एंटर. 'आयपीव्ही-४ अॅड्रेस' असं लिहिलेली ओळ शोधा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर तोच आपला चोर. हा पत्ता कुणी दिलेला नाही. मशीननं खूप हाका मारल्या, मॅनेजरनं ओ दिली नाही, शेवटी बिचारं व्हरांड्यात पथारी पसरून झोपलं. म्हणजे तुमच्या मशीनपासून राउटरपर्यंत हाकच पोचत नाही, किंवा राउटरचा मॅनेजर झोपलाय. एकाच मशीनवर असं असेल तर वायर किंवा स्विचचं भोक बदलून बघा. सगळ्यांवर असेल तर राउटर बंद करा, तीस आकडे मोजा, मग चालू करा. तीस का? आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते, ती उतरायला वेळ द्यावा लागतो. लगेच बटण दाबलं तर कधीकधी तो नीट बंदच झालेला नसतो. पत्त्याची ओळच नाही आणि 'मीडिया डिसकनेक्टेड' असं दिसतंय, तर वायरच लागलेली नाही. पुन्हा दिव्यांकडं चला.

पत्ता बरोबर असेल तर पुढचा टप्पा. त्याच काळ्या पडद्यावर पिंग लिहायचं, म्हणजे पी, आय, एन, जी, मग एक जागा सोडून १९२.१६८.१.१. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर आधीच्याच यादीत 'डिफॉल्ट गेटवे'समोर तो सापडतो. पिंग म्हणजे "आहेस का?" अशी हाक. समोरून "आहे" आलं की किती मिलिसेकंदांत आलं ते दिसतं. माइक मूस नावाच्या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधताना सोनारचा जो 'पिंग' आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव. इतक्या वर्षांनीही मी दिवसातून वीस वेळा ते वापरतो.

राउटरकडून ओ आली? पाणी उंबरठ्यापर्यंत आहे. आता पिंग ८.८.८.८ करा. हा गुगलचा जाहीर पत्ता आहे, लक्षात ठेवायला सोपा. इथून उत्तर आलं तर पाणी गावाबाहेर, जगापर्यंत चाललंय. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर राउटरच्या पुढं अडलंय, बहुतेक कंपनीकडं.

आणि समजा ८.८.८.८ कडून उत्तर झकास येतंय, पण एकही साइट उघडत नाही? हा प्रकार बघून नवीन पोरं डोकं धरून बसतात. इथं पाणी आहे, पण पत्त्यांची वही हरवलीय. कॉम्प्युटरना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. तुम्ही साइटचं नाव टाइप केलं की मशीन आधी डीएनएस नावाच्या वहीवाल्याला विचारतं, "याचा नंबर काय?" पूर्वी सगळ्या नेटवर्कची नावं आणि नंबर एकाच फाइलीत असायचे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती फाइल सांभाळायचे, नवीन नाव चढवायचं तर ऑफिसच्या वेळेत त्यांना गाठावं लागायचं. पसारा वाढला तशी फाइल पुरेना, आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आजची वाटलेली व्यवस्था आखली, ज्यात प्रत्येकाकडं आपापल्या भागाची वही असते. तुमच्या कंपनीचा वहीवाला रजेवर गेला असेल तर मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या जाहीर वहीवाल्यांपैकी एकाचा पत्ता घाला. दोन मिनिटांत जग परत येतं. ऑफिसचा स्वतःचा सर्व्हर असेल तर मात्र विचारल्याशिवाय हे करू नका, आतल्या मशीनची नावं मग सापडायची बंद होतात.

एवढं जमलं की नेटच्या बहुतेक तक्रारी तुम्ही माझ्याशिवाय मिटवाल. पण एक प्रकार असा आहे जो वर्षातून एकदा, ठरलेल्या तिथीला येतो.

खंडेनवमी. आपल्याकडं हत्यारांची पूजा होते, आणि ऑफिसात हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. आदल्या दिवशी साफसफाई, वायरी काढायच्या, पुसायच्या, परत लावायच्या. मग हळद-कुंकू, झेंडूची माळ. (हळद-कुंकू कीबोर्डच्या कडेला वाहा, फटीत नको. माझं ऐका.) एका पतसंस्थेत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेटवर्कवरचं कुणाचंच काही चालेना. नेट नाही, आतला सर्व्हर नाही, प्रिंटर नाही. राउटर तीनदा बंद-चालू करून झाला होता. स्विचपाशी जाऊन बघितलं तर सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकत होते. पुसायला काढलेली एक वायर शिपाईमामांनी मन लावून परत लावली होती. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. भोक रिकामं दिसलं, वायर लोंबत होती, लावून टाकली.

याला लूप म्हणतात. कॉम्प्युटर काही निरोप "सगळ्यांना सांगा" असे पाठवतात, आणि स्विच असा निरोप आला त्या भोकाखेरीज बाकी सगळ्या भोकांतून सोडतो. वायरीची दोन्ही टोकं त्याच्याच पोटात असतील तर सोडलेला निरोप परत त्याच्याकडंच येतो, तो पुन्हा सगळ्यांना सोडतो, तो पुन्हा येतो. या निरोपांवर मुदत लिहिलेली नसते, त्यामुळं ते आपोआप मरत नाहीत. काही क्षणांत एवढी गर्दी होते की खऱ्या कामाला वाटच उरत नाही. यावर उपाय रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्येच शोधून ठेवलाय. त्यांच्या पद्धतीत स्विच आपापसात बोलून फेरा ओळखतात आणि एक रस्ता बंद ठेवतात. महाग स्विचमध्ये ते असतं, आपल्याकडं सर्रास वापरतात त्या हजार रुपयांच्या डबीत बहुधा नसतं. तेव्हा सगळे दिवे एकदम नाचताना दिसले तर एकेक वायर काढत जा. जिच्यानं नाच थांबेल ती गुन्हेगार. आणि साफसफाईच्या आधी मोबाइलवर स्विचचा एक फोटो काढून ठेवा.

लॉजच्या गोष्टीत आणखी एक भानगड होते. मॅनेजरला न विचारता कुणीतरी स्वतःची किल्ली घेऊन खोलीत शिरतं. म्हणजे एखाद्या मशीनवर कुणी हातानं पत्ता घालून ठेवलेला असतो, आणि मॅनेजर तीच खोली दुसऱ्याला देतो. मग दोघांचंही नेट येतं-जातं करतं, आणि 'आयपी अॅड्रेस कॉन्फ्लिक्ट' असा निरोप झळकतो. हातानं घातलेला पत्ता काढून 'ऑटोमॅटिक' केलं की भांडण मिटतं.

प्रिंटरचं दुखणंही बहुतेक वेळा खोलीचंच. काल चालत होता, आज 'ऑफलाइन'. वीज गेली, राउटर नव्यानं चालू झाला, मॅनेजरनं प्रिंटरला वेगळी खोली दिली, आणि कॉम्प्युटर अजून जुन्या खोलीचं दार वाजवत बसलाय. कायमचा इलाज म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरची खोली राखून ठेवणे. त्याला 'रिझर्व्हेशन' म्हणतात, आणि पाच मिनिटांचं काम आहे. दुसरं दुखणं रांगेचं. एक बिघडलेलं प्रिंट पुढं अडकतं आणि मागचे सगळे ताटकळतात. लोक काय करतात? प्रिंटचं बटण पुन्हा दाबतात. मग पुन्हा. रांग सुटली की एकाच पट्टीच्या चौदा प्रती बाहेर पडतात. त्याऐवजी विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन प्रिंटची रांग सांभाळणारा 'प्रिंट स्पूलर' शोधा, त्यावर उजवं बटण दाबून 'रीस्टार्ट' करा. त्यानंही सुटलं नाही तर स्पूलर थांबवून अडकलेली कामं पुसावी लागतात. ते एकदा कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या.

वायफायबद्दल थोडक्यात. गणपती पेठेतल्या जुन्या दगडी भिंतींना ते भेदणार नाही, त्यावर वाद घालू नका. २.४ गिगाहर्ट्‌झ लहरींवरचं वायफाय लांब जातं पण तिथं गर्दी फार. एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच लहरींवर चालतो. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण दुसऱ्या भिंतीत दमतं. ज्या मशीनवर पैशाचं काम चालतं त्याला वायर लावा.

काही तक्रारी नेटच्या वाटतात आणि नसतात. विश्रामबागेतल्या एका ऑफिसात रोज सकाळी एका मशीनवर बँकेची साइट उघडायची नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं यायचं. दुपारी कुणीतरी काहीतरी केलं की चालायचं. मी खालच्या कोपऱ्यात तारीख बघितली, तर साल २००९. मशीनच्या आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा एक सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की रात्री वीज बंद केल्यावर तारीख मागं पळते. आणि प्रत्येक सुरक्षित साइटकडं एक प्रमाणपत्र असतं, ज्यावर "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असतं. तुमच्या मशीनच्या मते आज २००९ असेल तर ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. साहजिकच ते नाकारतं. चाळीस-पन्नास रुपयांच्या सेलसाठी त्यांनी तोवर दोनदा नेटची कंपनी बदलायचा विचार केला होता.

मशीन हळू चालतं, ही तर कायमची तक्रार. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. तिथं 'डिस्क' सतत १०० टक्के दिसत असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर व्हायरस शोधत बसू नका. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर सुई हलवून हलवून ती प्रत्येक तुकडा वाचते. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये हलणारा भागच नाही. जुन्या मशीनला एसएसडी बसवणं हा माझ्या मते आजवरचा सगळ्यात वसूल होणारा खर्च आहे. त्यानंतर मेमरी. नवीन मशीन शेवटी. हां, विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळं फार जुन्या मशीनवर खर्च करण्याआधी ते ११ ला चालतंय का विचारा.

आणि 'बंद करून चालू' याविषयी. लोक शपथेवर सांगतात, "सर, रोज बंद करतो की." बंद करता हो, पण विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' केल्यावर विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा गुंडाळून ठेवतं, सकाळी लवकर उठता यावं म्हणून. कालचा गुंता आज तसाच उलगडतो. खरी आंघोळ 'रीस्टार्ट'नं होते. चुकीचं वाटतं, पण तसंच आहे.

विजेचं एकच सांगतो. लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका. आतला रोलर तापताना तो एकदम एवढी वीज ओढतो की ६०० व्हीएचा यूपीएस, जो साधारण ३६० वॅटच पेलतो, किंचाळतो आणि सगळ्यांना घेऊन झोपतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग गेलंय. ते काम वायरमनचं, माझं नाही.

२०१९ च्या पुरानंतर मी कितीतरी मशीन उघडली. उन्हात वाळवून लोकांनी घाईनं बटण दाबलं होतं आणि जे वाचलं असतं तेही गेलं होतं. भिजलेलं मशीन चालू करून बघायचं नसतं, उघडून, धुऊन, पूर्ण सुकवून मगच वीज द्यायची. एका कर सल्लागारांकडं बॅकअप अगदी नियमानं घेतलेला होता. ती डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. बॅकअप दुसऱ्या इमारतीत हवा, आणि जमलं तर नदीपासून लांब.

कुणी फोन करून "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, हे अॅप टाका, मी लांबून दुरुस्त करतो" म्हणालं तर फोन ठेवा. तुम्ही बोलावलेलं नसताना आलेला मेकॅनिक चोर असतो. पैसे गेलेच तर १९३० या नंबरला लगेच फोन करा, तास-दोन तासही घालवू नका.

मला फोन करायची वेळ आली तर तीन गोष्टी तयार ठेवा: पडद्यावर आलेल्या निरोपाचा फोटो, कुणाकुणाचं बंद आहे, आणि काल-परवा काय बदललं. तिसऱ्या प्रश्नाला सगळे "काहीच नाही" म्हणतात. मग थोड्या वेळानं आठवतं की परवा टेबल हलवलं होतं.

राउटरशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवा. त्यावर नेट कंपनीचा तक्रार नंबर आणि तुमचा ग्राहक क्रमांक, राउटरचा पत्ता, प्रिंटरचा पत्ता, कुठली वायर कुठल्या टेबलाची, आणि यूपीएसची बॅटरी कधी बदलली ते लिहा. पासवर्ड लिहू नका, तो मालकांच्या वहीत. आणि हा कागद कॉम्प्युटरमध्ये सेव्ह करून ठेवू नका. एका ऑफिसात तसा ठेवला होता, आणि नेट गेलं तेव्हा दिवाणजी मला म्हणाले, "नंबर आहे हो, पण तो ऑनलाइन फाइलीत आहे."